लायब्ररीची अट

३ मार्च
मेले!

हॉस्पिटलला प्रतिज्ञापत्र हवंय — आवाज गेलेल्यांची कुजबूज मोठ्यानं बोलून दाखवणाऱ्या आमच्या यंत्रातल्या सगळ्या लायब्रऱ्यांची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची, लायसन्सं एकमेकांशी जुळतात, असं. सही कोड जोडणाऱ्याची, म्हणजे माझी. कंपनी चालवणारा दादा म्हणाला, "अगं, दोन मिनिटांचं काम!" सहज यादी काढायला बसले आणि एका नावावर अडकले.

पेशंटची कुजबूज साफ करणारी ती लायब्ररी. तिचं लायसन्स तसं सैल. नुसती लिंक केली, म्हणजे बाहेरून जोडली, तर आपला कोड आपल्यापाशी. पण त्यातला एक जादा फिल्टर चालू केला, की अख्खी लायब्ररी कडक अटीखाली जाते: मला जोडून दुसऱ्याला दिलंत, तर तुमचा सगळा कोड उघडा करा. तीन वर्षांपूर्वी तो चालू केला कुणी? मीच! आवाज इतका स्वच्छ आला की नाचले होते मी.

४ मार्च
उघडा करूनही भागत नाही. साफ झालेली कुजबूज मोठ्यानं बोलणारं इंजिन विकत घेतलेलं, त्याचा कोड कुणाला दाखवायचा नाही असा करार. एक म्हणतं उघड, दुसरं म्हणतं खबरदार!

५ मार्च
दादाला सांगितलं. "वेगळ्या फाईलमध्ये आहे ना? नुसतं लिंकच केलंय!" वकीलबाईंना विचारलं. म्हणाल्या, तेवढ्यानं सुटका होते असं मी तरी लिहून देणार नाही.

७ मार्च
फिल्टर बंद करून पाहिला. आमचं यंत्र सर्वांत आधी घेतलेल्या बाई — घशाचं ऑपरेशन झालेल्या. लेकीला चारदा हाक मारली. यंत्र गप्प. कागदावर लिहून दिलं, "जुनंच द्या." कुठल्या तोंडानं नाही म्हणू?

८ मार्च
फिल्टर लिहिणाऱ्याकडे त्या अटीतून सूट मागितली होती. उत्तर आलं. फार नम्र. नाही.

१० मार्च
दादाला म्हटलं, दोन महिने दे, दुसरा फिल्टर लिहिते. "हॉस्पिटल थांबेल? कोण बघायला बसलंय? सही कर आणि मोकळी हो!" नाही म्हटलं तर डबा तसाच टाकून उठला. मग वहिनीचा फोन — "चार वर्षं धड झोपला नाहीये गं तो." बाथरूममध्ये जाऊन रडले. काय करू मी? काय करू!

११ मार्च
नाही करणार. नाही म्हणजे नाही.

१२ मार्च
हॉस्पिटलचा फोन. "प्रतिज्ञापत्र मिळालं, आभार." मागवून पाहिलं. खाली माझी सही. हुबेहूब.

शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही दादाच करून द्यायचा.