भर दुपारी दिवा

धाकट्या, तुला आशीर्वाद.

अरे, जेवते मी वेळेवर, आणि माझे गुडघेही जागेवर आहेत. तुझी लेक बाळंत झाली. नात ठणठणीत आहे, रडते तर तुझ्यासारखीच गळा काढून.

आता लेकीचं ऐक. तिचं डोकं दुखत होतं, पाय सुजले होते. पोटुशीला असं व्हायचंच, म्हणून मी डोक्याला फडकं आवळून बांधलं. बाळंत झाल्यावर फिट आली. शुद्धीवर आली ती भर दुपारी म्हणते, "आत्या, दिवा लाव की!"

डॉक्टरीणबाई म्हणतात, डोळे धड आहेत. रक्तदाब एकदम चढला, तो मेंदूतल्या बारीक नसांना सोसला नाही. पाणी झिरपलं आणि मागच्या बाजूला सूज आली. बघायचं काम तिथंच चालतं म्हणे. दाब आवरला की सूज उतरते, बहुतेकांना परत दिसतं. बहुतेकांना म्हणाल्या, सगळ्यांना नाही.

बाळाचं तोंड चाचपून विचारते, "कोणावर गेलीय?" म्हटलं, तुझ्यावर. "म्हणजे नाक बसकं!"

तू रक्तदाबाची गोळी घेतोस ना?

आज म्हणाली, खिडकीत पांढरं काहीतरी हललं. तिथं खरंच काही होतं का, ते विचारू नकोस. मी सांगणार नाही.

तुझी ताई