कामाची जागा: गोंदिया जिल्हा

३ डिसेंबर, हैद्राबाद
बाजूच्या टॉवरवर वेल्डिंगवाल्या ठेकेदाराचा माणूस पडला. कंबर गेली. ठेकेदाराची लेबर पॉलिसी होती, पण तिच्यात दुसऱ्याच साइटचा पत्ता. विमा कंपनी हात वर करून राहिली.
संध्याकाळी माझी पॉलिसी पेटीतून बाहेर काढली. सगळी इंग्लिश. मी आठवी, तेही अर्धी. मले फक्त तारीख वाचता येते. साइट ऑफिसातल्या पोरीले दाखवली. तिनं वाचलं, "काम की जगह, गोंदिया जिला. काम, घर के अंदर की पेंटिंग." मंग विचारते, "भैया, ये गोंदिया कहाँ पड़ता है?"
माझी चार माणसं चौदा माळ्याच्या टॉवरले बाहेरून दोरावर लटकून रंग मारून राहिलेत.

४ डिसें.
पटले भाऊले फोन. फुलचूरचे विमा एजंट, दिवाळीत गावी गेलो तवा त्यांनीच काढून दिली. म्हणे, "तुह्या धंद्याच्या नोंदणीच्या, उद्यमच्या कागदावर पत्ता गावचा, तं जागा तेच येते. साइटच्या गेटवर चालली ना? मंग कायले टेन्शन घेतं बे?"
चालली. गेटवाला बी तारीखच पाह्यते.
भाऊजीले सांगतलं नाही. ताईचा नवरा, बोदलकसाचा, माझ्याच शब्दावर इथं दोरावर आला.

६ डिसें.
रंग आला नाही असं सांगून काम बंद ठेवलं. दुपारी सुपरवायझर, "कल से दूसरी टीम लगा दूँ?" तीन वाजता पुन्हा दोर सोडले. मी खाली उभा. मान दुखेपर्यंत वर पाहत.

८ डिसें., गाडीत
पटले भाऊ आता फोन उचलत नाहीत. स्वतःच निघालो. भाऊजी म्हणाले, "जा, घरचं काही असन. मी आहो ना." घरचंच आहे म्हणलो. खोटं तरी कुठं.
अर्जुनीले, आमच्या गावच्या स्टेशनावर, गाडी थांबली. उतरलो नाही. मायनं तोंड पाहूनच ओळखलं असतं.

९ डिसें., गोंदिया
पटले भाऊ घरीच होते. वहिनीनं चहा दिला. जागा बदलते म्हणे, अर्ज करावा लागन. मंग विचारतात, "किती माळे?"
"चौदा."
पेन खाली ठेवला. "चौदा नको लिहू. वीस फूट लिहू. चौदा लिहिशील तं वरून विचारणा येइन, महिना जाइन."
"आन् कोणी पडला तं?"
"पडन कायले? शुभ बोल ना लेका!"
सही न करता उठलो. वहिनी म्हणे, चहा तं संपव. नाही संपवला. आता वाईट वाटून राहिलं, तिचा काय दोष.

१० डिसें.
एकटाच विमा कंपनीच्या ऑफिसले गेलो. साहेब बरा माणूस. खुर्ची दिली. सगळं खरं सांगतलं, खरंच लिहिलं. चौदा माळे, बाहेरून, दोरावर.
"उंचीचं काम वेगळं असते. वर पाठवतो. मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही."
"तवापर्यंत?"
"तवापर्यंत जुनी."
"म्हणजे हैद्राबादले काहीच नाही?"
साहेबांनी अर्जावर शिक्का मारला. निघताना विचारलं, "तुम्ही स्वतः वर चढता का? मालकाचं नाव यात येत नाही."
मालक! चपलेले खिळा मारून घालतो मी.

१२ डिसें., हैद्राबाद
रात्री जेवताना सगळ्यायले सांगून टाकलं. मंग भाऊजी, "उद्यापासून काम बंद करतं का?"
मी म्हणलो, तुम्ही सांगा.
"मी काऊन सांगू? ठेकेदार तू." भात कालवत राहिले. मंग हसले, "तळ्यात डोंग्यावर जाळं टाकत होतो, तवा कोणती पॉलिसी होती बे?"
बाकीचे बी हसले. मले हसता आलं नाही. पाण्यात पडला तं पोहता येते.
काम सोडलं तर ही साइट गेली. आणि चौघंही गावी जाऊन काय करतीन? धान तं निंगालं.

१३ डिसें.
सकाळी भाऊजीच्या हातातला पट्टा ओढून घेतला. आज मी चढतो, तुम्ही खाली राहा. दोन वर्षांनी दोरावर बसलो. लाकडी पाटीवर बूड टेकवलं आन् ब्रश बादलीत बुडवला.
तेराव्या माळ्यावर पाहतो, तं भाऊजी बाजूच्या दोरावर. दुसऱ्या पोराले खाली बसवून आले. मी ओरडलो.
"ओरडू नको, दोर हालते. तुह्यं नाव कागदात नाही. माह्यं आहे, पण गोंदियात. दोघं सारखेच. ब्रश चालव."

१५ डिसें.
ऑफिसले दोनदा फोन केला. "वर पाठवलंय." एवढंच.
पूर्वेची भिंत आज झाली. उद्या पश्चिमेची. सेफ्टीवाला म्हणते, त्या बाजूनं वारा जास्त असते.