न बोलता ठेवायचा हात

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, उंचावर काम करणाऱ्यांचे सुरक्षापट्टे शिवण्याच्या कारखान्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकिलांनी सांगितले. माझ्या पश्चात हे अमलात आणण्याचे काम आमच्या चर्चच्या मंडळीच्या पाळकांकडे सोपवते.

कलम एक. दोन खोल्यांचे राहते घर आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या एकुलत्या एका मुलीचे. स्वयंपाकघरातला नळ गळतो. जोर लावून पिळू नये, चिडतो.

कलम दोन. शिलाई मशीन कारखान्यात माझ्या शेजारी बसणारीला. तिची शिवण माझ्यापेक्षा सरळ होती. चौतीस वर्षे कबूल केले नाही, आता करते.

कलम तीन. मंडळीत पुढे उभ्या राहून गाणाऱ्या बाईंनी माझ्या घरचे भांडण 'प्रार्थनेचा विषय' म्हणून घरोघर पोहोचवले. त्यांना माझी क्षमा. त्या या कागदावर साक्षीदार आहेत, म्हणून त्यांना वस्तू देता येत नाही असे वकील म्हणाले. कायद्याचे आभार.

कलम चार. हे सावकाश वाचावे. मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हापासून रोज सकाळी दारात तिच्या डोक्यावर हात ठेवून मी तिला प्रभूच्या स्वाधीन करत असे. पण माझी जीभ गप्प बसेल तर शपथ. "प्रभू, हिला सांभाळ, आणि वेळेवर उठायची बुद्धी दे." लेकी बोले सुने लागे म्हणतात, मी देवाला बोलून लेकीला लावत असे.

पुढे तिने दोरावर लटकून उंच इमारती रंगवणारा मुलगा पसंत केला. मुलगा चांगला होता. पण कारखान्यात तुटून परत आलेले पट्टे मी हाताळले होते. त्याच्याशी लग्न करायला निघाली त्या सकाळी ती म्हणाली, "आई, आज नुसता हात ठेव. काही बोलू नकोस ना."

मी बोललेच. "प्रभू, हिला त्या माणसापासून वाचव."

तिने माझा हात हळूच उचलून खाली सोडला. "तू प्रार्थना नाही करत गं, घाबरवतेस," म्हणाली आणि गेली. त्याला अकरा वर्षे झाली. तिचे खरे होते. परक्यांसाठी जन्मभर पट्टे शिवले, आणि घरचे माणूस प्रभूच्या हाती सोडायची वेळ आली तेव्हा माझाच विश्वास उसवला.

अजूनही रोज सकाळी मी त्याच दारात उभी राहते. तिच्यासाठी मागते, आणि त्याच्या दोरासाठीही. दिवस ढकलायचे बळ मला त्यातूनच मिळते. पण हाताला तिचे केस हवे असतात. फार आठवण येते.

म्हणून, मी स्वतः दुहेरी शिवणीने शिवलेला पट्टा जावयाला द्यावा. आणि पाळकांनी माझ्या वतीने दोघांच्या डोक्यावर न बोलता हात ठेवावा. प्रवचन नको; त्यांना सवय आहे, म्हणून लिहून ठेवते.

मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते, असे वकील म्हणतात. बाकीची कलमे खुशाल थांबोत. कलम चारची प्रत आजच मुलीला द्यावी.

ये गं बाळा. त्यालाही घेऊन ये. मी अजून आहे.

ठिकाण: राहते घर
दिनांक: या महिन्याचा दुसरा रविवार, उपासनेनंतर
सही: मुलीची आई
साक्षीदार: १. गाणाऱ्या बाई २. समोरचे घड्याळजी