एका हाताचं इंजिन

९ जानेवारी

"विकून टाक सगळं," दादा म्हणाला.

सगळं म्हणजे छताला टांगलेली छोटी विमानं, फडताळातली इंजिनं, तारांची रिळं, रंगाचे डबे — आख्खं आयुष्य. आणि आवाज असा, की जणू रद्दीवाला दारात उभा आहे. वहिनी चहा ओतत होती. तिने कप मात्र जरा जोरातच ठेवला.

गेल्या वर्षीच्या अर्धांगवायूनंतर दादाचं बोलणं परत आलं, चालणं आलं, चिडणं तर सगळ्यांच्या आधी आलं. उजवा हात तेवढा आला नाही. कप धरतो, पण फटका मारत नाही. आणि या खेळात सगळं काम फटक्याचं! मुठीएवढं इंजिन, त्याच्या नाकावर पंखा. पंख्याला बोटाने फटका द्यायचा, की ते खवळून उठतं. मग विमान दोन तारांना बांधलेलं, माणूस मधोमध हँडल धरून उभा, आणि विमान त्याच्याभोवती गरगर. मोठ्या माणसांनी हे करावं का, असं लोक विचारतात. मोठी माणसं बाकी जे करतात त्यापेक्षा बरं आहे.

मी म्हटलं, "बॅटरीचा स्टार्टर मिळतो की. बटण दाबलं, झालं."

"बटण दाबायचं असेल तर मिक्सर उडवतो," म्हणाला.

"मग मी सुरू करून देत जाईन."

"दुसऱ्याने चावून दिलेला घास मी खात नाही."

संवाद संपला.

११ जानेवारी

मैदानावर गेले होते, एकटीच. आमच्या विमानांच्या क्लबातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला — चांगल्या इंजिनात काय हवं? दातांचे डॉक्टर म्हणाले, जोर. बँकवाले म्हणाले, जोर आणि चकाकी. सेक्रेटरी म्हणाला, जोर, पण आवाज कमी. शेजारी तक्रार करतात. मुळात ते सुरू व्हायला हवं, असं एकाच्याही तोंडून आलं नाही. अर्धा तास बोटं सोलून घेत सगळे पंखे मारत बसले होते, आणि स्वप्न जोराचं!

पेपरातल्या माझ्या सदराला पुढच्या आठवड्याचा लेख आपोआप मिळाला. पण लेख लिहावासा वाटेना. डोक्यात दुसरंच सुरू झालं.

१२ जानेवारी

नवं इंजिन मीच कागदावर काढणार. तंत्रनिकेतनात पोरांना यंत्रांची ड्रॉइंग शिकवण्यात इतकी वर्षं घालवली, आणि स्वतः काढलेली एकही वस्तू कधी फिरली नाही. आता फिरेल. एका हाताने सुरू होईल, डाव्या. जोर गेला खड्ड्यात.

१७ जानेवारी

अंगात काहीतरी संचारलंय. दुपारी जेवायचं विसरले — आमच्या घरात ही बातमी आहे. "हे" म्हणाले, "बरं आहे ना?" मी म्हटलं, "उत्तम आहे, दिवा बंद करू नका."

कागद पुढे घेऊन बघितलं, दोन हातांचा माणूस नक्की करतो काय. एकाने विमान दाबून धरतो, दुसऱ्याने पंखा मारतो. त्याआधी हवेच्या तोंडावर बोट ठेवून इंधन आत ओढून घेतो. सुरू झालं की सुई फिरवून इंधन कमीजास्त करतो. ही सुई बऱ्याच इंजिनांत पंख्याच्या इतकी जवळ असते, की ती तिथे बसवणाऱ्याला स्वतःच्या बोटांचा कंटाळा आला असावा.

माझी सुई मागे! इंजिनाच्या पाठीवर, लांब दांडीची, फिरवताना कटकट वाजणारी. न बघताही कळेल किती फिरली, आणि थरथरून आपली आपण हलणार नाही. हवेच्या तोंडावर इवलीशी झडप. बोटाचं काम ती करेल. सगळे स्क्रू एका मापाचे, म्हणजे पान्हा एकच. इंजिन विमानाला जखडणारे कान चांगले जाडजूड, कारण विमान पडतं. पडणारच नाही असं धरून चालणाऱ्यांनी इंजिन काढू नये, विम्याच्या जाहिराती लिहाव्यात. आतली स्लीव्ह, म्हणजे दट्ट्या ज्यात वरखाली होतो ती नळी, वेगळी निघणारी. झिजली की तेवढीच बदलायची. आणि दाब थोडा कमी, म्हणजे पंखा उलटून बोटावर वार करणार नाही.

जोर? बेताचा. दादाला शर्यत नाही जिंकायची. त्याला सकाळी उठून मैदानावर जायचंय. त्याला ते अजून माहीत नाही, एवढंच.

२० जानेवारी

दादाच्या फडताळातलं एक जुनं इंजिन उचलून आणलं आणि डाव्या हाताने मारून पाहिलं. सुरू झालं, पण हात निघायच्या आत पाती आली. बोट सुजलंय. डाव्या हाताने लिहीत नाही हे नशीब.

म्हणजे दाब कमी करून भागणार नाही. डावा हात पंख्याच्या वाटेतच अडकतो. काय करावं सुचत नाही.

३१ जानेवारी

ड्रॉइंग घेऊन टर्नरकडे. क्लबातल्या सगळ्यांचे सुटे भाग हाच करतो. सगळे त्याला मायक्रॉन म्हणतात, कारण तो मिलिमीटरला अंतर मानतच नाही. कागद खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला.

"मॅडम, तुमचे लेख वाचतो मी. इतकं बोचरं लिहिता, ड्रॉइंग मात्र गोड काढलंय."

"डाव्या हाताचं तेवढं सुटलं नाही. हात पातीला लागतो."

"आधी फिरू तर द्या. हात कुठे ठेवायचा ते मग बघू."

हे बाकी खरं. पोरांना मी दर वर्षी नेमकं उलट शिकवते.

१४ फेब्रुवारी

सुरू झालं! माझं इंजिन सुरू झालं!

आता नीट लिहिते. वर्कशॉपच्या बाकाला इंजिन जखडलेलं. इंधनातल्या एरंडेलाचा तो वास, ज्याने मला लहानपणापासून भूक लागते. मी पंख्याच्या समोर उभी, कारण समोर उभं राहिलं की वारा लागत नाही. इंजिन हवा मागे फेकतं. मायक्रॉनने झडप लावली, उजव्या हाताच्या बोटाने फटका. काही नाही. पुन्हा. इंजिनाने एक ढेकर दिली, बोटावर सणसणीत ठेवून दिली, आणि पेटलं. काय आवाज! एकसारखा, गोल, न अडखळणारा!

आणि सगळा वारा माझ्या तोंडावर. चष्मा तेलाने माखला, ड्रॉइंगचा कागद उडून भिंतीवर जाऊन चिकटला.

"मॅडम, हे उलटं फिरतंय," मायक्रॉन अगदी शांतपणे म्हणाला.

उलटं! विमानाला लावलं असतं तर ते शेपटीकडे धावलं असतं. असं इंजिन काढणारी मी पहिलीच नसेन, पण यावर टाळ्या वाजवणारी बहुधा पहिलीच. मला आनंद आवरेना. फिरत तर होतं ना!

१५ फेब्रुवारी

चूक सापडली. इंजिनाचा मुख्य दांडा पोकळ असतो आणि त्याला एक खिडकी कापलेली असते. फिरताफिरता ती हवेच्या तोंडाखाली आली की इंधन आत. खिडकी कुठल्या अंगाला, त्यावर इंजिनाची दिशा ठरते. मी दांडा काढला तो मागून बघून, विमानात बसल्यासारखा, दादाने लहानपणी तसंच शिकवलं होतं, "आधी विमानात जाऊन बस, मग विचार कर." मायक्रॉनने कापला तो पुढून बघून, कारण लेथवर तो पुढूनच उभा असतो. कुठून बघायचं हे मी लिहिलं नाही, त्याने विचारलं नाही. दोघंही बरोबर, दांडा चूक.

वहिनीला फोनवर सांगितलं. ती इतकी हसली की पलीकडून दादाचा आवाज आला, "काय झालं गं?" बघा, या घरात काही झालं तर त्याला अजून जाणून घ्यायचं असतं.

नवा दांडा करायला सांगणार आहे.

१६ फेब्रुवारी

दादाचा फोन. स्वतः केलेला! महिनोन्‌महिने जो फोनला हात लावत नाही तो!

"नट सैल होईल," म्हणाला.

"कसला नट?"

"पंख्याचा. नेहमीच्या इंजिनात पंखा स्वतःच नट आवळत जातो. तुझ्या उलट्या इंजिनात सोडवत जाईल, आणि पंखा सुटून कोणाच्या तरी कपाळात बसेल. डाव्या आट्यांचा नट लाव."

"लावायचं काय, मी दांडाच बदलतेय."

"कशाला?"

"म्हणजे?"

"उलटं फिरलं की विमान बाहेरच्या अंगाला झुकतं. तारा ताठ राहतात. उलटा पंखा मिळतो बाजारात, तो आण. आणि माझं जुनं इंजिन उचलून नेलंस ते परत दे."

"तू तर सगळं विकायला निघाला होतास."

"विकायच्या आधी मोजायला लागतं," म्हणाला आणि फोन ठेवला.

मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसत उभी राहिले. 

१ मार्च

दादा वर्कशॉपमध्ये आला. वहिनी बरोबर. तिने पर्स एका खुंटीला अडकवली आणि मायक्रॉनला म्हणाली, "तुम्ही आमच्या नणंदबाईंचं ऐकून काहीही कापता का हो?"

"ऐकून नाही वहिनी, बघून कापतो. तिथेच घोटाळा झाला."

उलटा पंखा, डाव्या आट्यांचा नट. दादाने आधी इंजिनाभोवती एक फेरी मारली. सुई फिरवली, कटकट ऐकली. पुन्हा फिरवली. "हे बरंय," म्हणाला. त्याच्याकडून हे म्हणजे हार-तुरे.

मग डावा हात पुढे केला. मी डोळे मिटणार होते, पण मग हे लिहिलं कोणी असतं? पहिला फटका पुचाट. दुसराही. तिसऱ्याला त्याने खांद्यातून हात टाकला — आणि पेटलं! हात पातीच्या वाटेत आलाच नाही. पाती एकीकडे गेली, हात आपसूक दुसरीकडे निघाला, जणू दोघांचं आधीच ठरलं होतं.

आणि मग मला कळलं. अहो, नेहमीचं इंजिन उजव्या हाताच्या सोयीने फिरतं. हे उलटं फिरतं. म्हणजे हे डाव्या हाताचं! मी महिनाभर ज्यासाठी डोकं फोडत होते ते चुकीने केव्हाच होऊन बसलं होतं!

दादाने इंजिन बंद केलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा बंद. पुन्हा सुरू. शेवटी वहिनी म्हणाली, "अहो, त्यांना दुसरीही कामं असतील." कोणी ऐकलं नाही. मायक्रॉनने तर दुसरं काम पायाने बाकाखाली सरकवलं.

दादाचा चेहरा कसा होता ते लिहिणार नाही. मला गोड लिहिता येत नाही.

१५ मार्च

मैदान. छान कोरडी हवा. दादाने तारा स्वतः सोडवल्या, जोडल्या, ताणून पाहिल्या. सगळा क्लब काही बघत नसल्यासारखं करून बघत होता. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "जोर किती आहे?" मी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ते परत खुर्चीत जाऊन बसले.

दादा मधोमध जाऊन उभा राहिला, डाव्या हातात हँडल. इंजिन अजून बंद. म्हणाला, एकदा नुसताच फिरून बघतो. फिरला. एक फेरी. दुसऱ्या फेरीत पाय गेले आणि तो खाली बसला. पडला नाही, बसला. पण बसला.

भोवळ. दादाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गरगर फिरायचं नाही. आम्ही सगळ्यांनी त्याच्या हाताचा विचार केला. डोक्याचा कोणीच केला नव्हता. मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. एवढं इंजिन काढलं आणि माणूसच नीट बघितला नाही!

"चला, आवरा," दादा म्हणाला. पुन्हा तोच रद्दीवाला आवाज.

वहिनी विमान धरून बसली होती. इतकी वर्षं ती तेच करत आलीये — तो सुरू करणार, मधोमध जाऊन हात वर करणार, ही सोडणार. तिने विमान माझ्या हातात दिलं. "धर. मी मान हलवली की सोड, आधी नाही."

"तू कुठे चाललीस?"

ती सरळ मधोमध गेली आणि दादाच्या हातातून हँडल काढून घेतलं.

"तुला येतं का?" दादा.

"नाही. पण तारेच्या या टोकाकडून आयुष्यभर तुमच्या चुका बघितल्यात. तेवढ्या टाळते. उठा, सुरू करून द्या."

तो उठला. आला. झडप, सुई, डावा हात. एका फटक्यात! वहिनीने मान हलवली, मी सोडलं. विमान गवतावरून उडत, उसळत, आधी वेडंवाकडं — आणि मग तारा ताठ, आणि वहिनीची साडी गोल, आणि ती जागच्या जागी पाय टाकत फिरतेय, ओठ दुमडून, जगातल्या कोणाकडेही न बघता! दादा कडेने ओरडतोय, "मनगट नको, मनगट नको, खांदा!" इंधन संपलं तेव्हा विमान दोन उड्या मारून उतरलं. आख्खं!

"उतरवताना घाई केलीस," दादा.

"तुम्ही पहिल्यांदा उतरवलं ते कुंपणावर. मी होते तिथे."

मग तीही खाली बसली, चक्कर येऊन, आणि दोघं शेजारी शेजारी बसून हसत राहिले. मी सुई पुसत बसले. पुसायची काही गरज नव्हती.

२ एप्रिल

क्लबच्या सेक्रेटरीचा फोन. स्पर्धेसाठी तुमच्या घरून नाव आलंय, म्हणाला. मी म्हटलं, दादाचं ना? "नाही, वहिनींचं. दादा मेकॅनिक."

लगेच दादाला फोन लावला. तू स्वतः कधी उडवणार, विचारलं. डॉक्टर म्हणतात, भोवळ जाईल हळूहळू.

"मला कुठे वेळ आहे?" म्हणाला. "तिला अजून पालथं उडवता येत नाही. आणि ऐक, ती म्हणते जोर कमी पडतो."