मोठ्या जेवणाचं पाकीट

प्रिय नोबुहिरो,

हे पत्र मुद्दाम हातानं लिहितेय. फोनवर काही लिहिलं की तू ते वाकून माफी मागणाऱ्या अस्वलाचं चित्र पाठवून मोकळा होतोस. त्या अस्वलाचा मला आता वीट आलाय. तेव्हा चहा करून घे, खाली बस आणि शेवटपर्यंत वाच.

तुझ्या ऑफिसात सहलीहून नेलेले बिस्किटांचे डबे वाटून झाले असतील. ऐन गर्दीच्या महिन्यात रजा घेतली, बाकीच्यांनी तुझं काम ओढलं, मग रिकाम्या हातानं कसं परतायचं, हे मला कळतं. माझ्या दुकानातल्या बायकांसाठी मीही डबा आणला. एक! तू अख्ख्या फुकुओका शाखेला आणलेस, साहेबांच्या घरी वेगळा, गेटवरच्या पहारेकऱ्यालासुद्धा वेगळा. आणि पैसे कुठले? मोठ्या जेवणाच्या पाकिटातले. जगाला बिस्किटं वाटलीस आणि पोटच्या पोरीच्या तोंडाला पानं पुसलीस.

माझ्या पाकिटांना तू लग्न झाल्यापासून हसत आलायस. पगार झाला की मी तांदळाचं, विजेचं, शाळेचं अशी पाकिटं भरायला बसते आणि तू म्हणायचास, ‘आली आमची बँक!’ पण याच पाकिटांवर आपली दोन घरं चालली, तोयामातलं आमचं आणि तिकडची तुझी एकट्याची खोली. या सहलीसाठी मी खाण्याची पाकिटं वेगळी केली होती, कारण त्या थीम पार्कमध्ये वाटीभर करी-भाताला जे मोजतात त्यात इकडे आपण तिघं पोटभर सुशी खाऊ. बाहेरचा डबा आत चालत नाही. म्हणून दोन्ही दुपारी हातावर शिक्का मारून घेऊन फाटकाबाहेर आलो आणि गार वाऱ्यात बाकावर बसून माझ्या हातची ओनिगिरी खाल्ली. भात अगदी दगड झाला होता. चिहारु म्हणाली, “आई, आतली मुलं गरम पिझ्झा खातायत.” मी म्हटलं, “खाऊ देत. आपण शेवटच्या संध्याकाळी राजासारखं जेवणार आहोत.” तू तेव्हा शेजारीच बसला होतास. मान हलवलीस आणि आणखी एक गोळा उचललास.

पार्कातल्या त्या जहाजाच्या हॉटेलातलं खिडकीजवळचं टेबल कसं मिळतं, ठाऊक आहे तुला? महिनाभर आधी, सकाळी बुकिंग उघडल्या उघडल्या. मी दुकानाच्या कोठीत पोत्यांआड लपून फोनवर बोटं आपटत होते. मॅनेजर ओरडला, “कायोकोबाई, गिऱ्हाईक काय मी बघू?” बघा म्हटलं! एप्रिलमध्ये तुझी बदली संपणार, तू कायमचा घरी येणार, त्याचं ते जेवण होतं. पाकीट तुझ्या हातात दिलं ते एवढ्यासाठी की लेकीच्या देखत बिल बापानं द्यावं. वर्षातून चारदा दिसणारा बाप तिला निदान एकदा यजमान म्हणून दिसावा.

आणि त्या संध्याकाळी खलाशाची टोपी घातलेली ती दारातली मुलगी म्हणते, “ताई, हे टेबल दुपारीच रद्द केलंय तुमच्याकडून.” मी तिच्याशी भांडले रे! तुमच्याच मशीनची चूक असणार, म्हणाले. ती बिचारी कमरेत वाकून माफी मागत राहिली. तू मागे उभा होतास, दोन्ही हातांत पिशव्या, नजर पाण्याकडे. मग हळूच म्हणालास, “मीच केलं. पैसे उरले नव्हते.” माझ्याकडे कार्ड होतं, एक शब्द तरी विचारायचास! तर तुझं आपलं, “उगाच कर्ज कशाला? चिहारुला पॉपकॉर्न आवडतंच की.”

हो, आवडतं. म्हणून वाढदिवसाचा फ्रॉक घालून, पार्कातली रात्रीची मिरवणूक बघत फुटपाथच्या कडेला बसून तिनं पॉपकॉर्न खाल्लं. आणि वर तुझीच समजूत काढली, “असू दे बाबा, एप्रिलपासून आपण रोजच एकत्र जेवणार.” त्यावर तू बुटाची नाडी बांधायला वाकलास तो मिरवणूक संपेपर्यंत वर आला नाहीस. मला वाटलं, लाज वाटली असेल. गाडीत बसल्यावरही मी विचार करत होते, माणूस भित्रा आहे, लोकांच्या मर्जीपायी मरतो, पण लेकीच्या ताटातलं काढून घेणारा नाही. मग हे असं का? उत्तर सापडेना आणि राग काही जाईना.

उत्तर काल आलं. तुझ्या साहेबांच्या बायकोचा, कुरामोचीबाईंचा, फोन आला. डबा पोचला, आभार मानायला. “काय छान बिस्किटं हो! आणि तुमचं मन तरी केवढं मोठं! आणखी तीन वर्षं नवऱ्याला इकडे राहू देताय. आमचे हे विचारायला कचरत होते, तर नोबुहिरोसान म्हणाले, बायकोनं आनंदानं होकार दिलाय.” सहलीच्या आधीच म्हणालास म्हणे. म्हणजे पैशांचं ते निमित्त होतं. त्या टेबलावर दोन तास आम्हा दोघींच्या समोर बसावं लागलं असतं, तेच तुला नको होतं. डबे घेऊन पाकीट रिकामं केलंस आणि सुटलास. ‘छे छे, त्यात काय मोठंसं’ माझ्या जिभेवर आलं होतं, आपल्याला लहानपणापासून तेच शिकवलंय. ते गिळलं आणि म्हणाले, “मला कुणी विचारलंच नाही. आत्ता तुमच्याकडूनच कळतंय.” मग बाई म्हणाल्या, “यंदा थंडी जरा जास्तच आहे, नाही?” आणि फोन ठेवता ठेवता, “हे सोमवारी टोकियोहून येतील, मी त्यांच्या कानावर घालते.”

म्हणून हे पत्र जलद टपालानं पाठवतेय, शनिवारी तुझ्या हातात पडेल. सोमवारी साहेब तुला बोलावतील. चारचौघांत तू बेसावध सापडावंस असं इतक्या रागातही मला वाटत नाही, याचाही मला रागच येतोय. त्यांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव. पण माझ्या नावानं दिलेला होकार आधी परत घे. आणि त्याच्याही आधी, रविवारी पहिली गाडी पकडून घरी ये. चिहारुला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. मी भात आणि मिसोचं सूप करीन. जेवायला बसलास की तिच्याकडे बघून तूच सांग, तू काय कबूल करून आलायस ते. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. ती रडायला लागली तर तिला जवळ घ्यायलाही मी उठणार नाही. ते तू करायचंस.

अजून तरी तुझीच,
कायोको