सहाशे बारा ग्रॅम

रविवार, ३ मार्च. सकाळी ११.
या घरात मी स्वतःच्या हातांनी बनवलेल्या वस्तू: पलंग (डोक्याकडून पायांकडे दीड सेंटिमीटर उतार, रक्ताभिसरणासाठी, चूक नव्हे). चपलांचं कपाट. ओट्यावरची फळी. कपडे वाळत घालायची दोरी, दोन माणसांनी मिळून ओढायची. इस्त्रीचं टेबल. दारावरची घंटा. बाथरूमचा आरसा, म्हणजे आरसा विकतचा, कोन माझा. खुर्च्या चार, पैकी बसण्याजोग्या तीन. बाकी किरकोळ धरून एकूण सतरा. एकाचंही शिक्षण घेतलेलं नाही. सगळं बघून बघून.

यादीचं कारण: आज घरात एक विकतची वस्तू आली. ऑर्किड. हिने पहिल्या पगारातून आणलं. (ही गेल्या महिन्यापासून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसते. घरी वेळ जात नाही म्हणून, असं मी लोकांना सांगतो.) पांढरी फुलं नऊ, कळ्या दोन, पानं पाच. हिने कुंडी खिडकीत ठेवली, दोन पावलं मागे सरून बघितली आणि म्हणाली, अहो, हे माझं आहे. याला हात लावायचा नाही. आणि याच्यासाठी काही म्हणजे काही बनवायचं नाही.
चेष्टेखोर झाली आहे नोकरी लागल्यापासून.

सोमवार, ४ मार्च.
ठरलं. हात न लावता काळजी घेणार.
नर्सरीवाल्या बाई हिला म्हणाल्या म्हणे, आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी द्या, मधे त्याच्याकडे बघूसुद्धा नका. आठ-दहा हा काय आकडा झाला? सत्तावीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय. माझ्या दुकानात कुणी ‘आठ-दहा ग्रॅम’ म्हणालं असतं तर पायरीवरूनच परत पाठवलं असतं.
दुकानातला छोटा काटा घरी आणला. कुंडीसकट वजन ६१२ ग्रॅम. काल बाईंनी देतानाच भरपूर पाणी घातलं होतं, म्हणजे सुरुवात उत्तम. हेच प्रमाण वजन धरलं. रोज जितकं कमी भरेल तितकं पाणी. एवढं सोपं आहे. लोकांना सुचत नाही.

बुधवार, ६ मार्च. सकाळी ६.४०.
६०१. अकरा ग्रॅम पाणी दिलं. ६१२.
ही उठायच्या आत उरकलं. चोरून नव्हे, झोपमोड नको म्हणून.

रविवार, १० मार्च.
दोन फुलं गळली. पाच ग्रॅमची तूट. पाण्याने भरून काढली. ६१२. तब्येत स्थिर.
ही म्हणाली, आठ दिवसांत कशी गळली हो? मी म्हणालो, पिकली असतील.

गुरुवार, १४ मार्च.
मुलीचा फोन. बाबा, आईच्या झाडाला तुम्ही काही करत नाही आहात ना? म्हटलं, छे, फक्त वजन. ती म्हणाली, बाबा, माझी सायकल आठवते ना?
सायकलचा विषय वेगळा. तिचा ब्रेक लागत होता. फक्त जरा आधी ठरवावं लागायचं.

मंगळवार, १९ मार्च.
पाठ धरली आहे. रोज ६.४०ला उठणं झेपत नाही. दुकानात दिवसभरात एक माणूस आला. तो जुना काटा कुठे टाकायचा ते विचारायला. सांगितलं.
मोकळा वेळ होता. यंत्र तयार केलं. एका पारड्यात कुंडी, दुसऱ्यात ६१२ ग्रॅमची मापं. कुंडी हलकी झाली की दांडी वर जाते, चिमटा सैल होतो, वरच्या पाच लिटरच्या कॅनमधून पाणी ठिबकतं. वजन पुरं झालं की बंद. आता हात लावायचा प्रश्नच उरला नाही. हिची अट शब्दशः पाळली गेली.
ही संध्याकाळी आली. खांद्याची पर्सही न उतरवता यंत्रासमोर उभी राहिली. म्हणाली, अहो, एकच गोष्ट मागितली होती मी. म्हटलं, मी कुठे काय करतोय, यंत्र करतंय. ही आंघोळीला गेली.
तांत्रिक हरकत कुठलीही नाही.

शनिवार, २३ मार्च.
फुलं चार. कळ्या होत्या तेवढ्या पडल्या. एक पान पिवळं पडून देठातून सुटलं (मी हात लावला नव्हता, मोजपट्टी लागली). पान ३१ ग्रॅम भरलं. यंत्राने बरोब्बर ३१ ग्रॅम पाणी सोडलं. थेंब जास्त नाही, थेंब कमी नाही. इतकी अचूकता मी विकतच्या मालात पाहिलेली नाही.
कुंडीजवळ डबक्यासारखा वास येतो. निसर्ग म्हटला की वास आलाच.

गुरुवार, २८ मार्च.
फुलं शून्य. पानं दोन, तीही मान टाकून. ६१२.
शांतपणे विचार केला तर काहीच कमी झालेलं नाही.
संध्याकाळी ही दिवा न लावता झाडासमोर बसली होती. चहा टाकू का विचारलं. म्हणाली, तुम्हाला सांगते, त्या नर्सरीत मी तासभर उभी होते. काय घ्यावं ते ठरेना. घरात एक तरी वस्तू माझ्या पसंतीची असावी, एवढंच होतं हो मनात. मी म्हणालो, तास जरा जास्तच झाला, एवढ्याशा कामाला दहा मिनिटं पुरतात.
चहा केला होता, तिने घेतला नाही. दोन्ही कप मीच संपवले.

मंगळवार, २ एप्रिल.
सकाळी हिने कुंडी उचलली, कापडी पिशवीत घातली आणि कामावर घेऊन गेली. मला बोलली नाही, यंत्रालाही कल्पना दिली नाही. पारडं रिकामं. ते भरावं म्हणून यंत्राने पाचच्या पाच लिटर इमानाने ओतले.
खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले, म्हणाले, छतातून गळतंय. त्यांना तत्त्व समजावून सांगितलं. ते म्हणाले, तत्त्व राहू द्या, आधी पुसा. दहा वाजेपर्यंत पुसत होतो. गुडघे.
यंत्रात दोष नाही.

गुरुवार, २५ एप्रिल.
डोळे तपासायच्या निमित्ताने दवाखान्यात गेलो. ऑर्किड तिथे हात धुवायच्या बेसिनवरच्या खिडकीत आहे, एका साध्या प्लॅस्टिकच्या डब्यात. तिथल्या सिस्टरने कुजलेली मुळं कापून, नवीन कोरड्या सालीच्या तुकड्यांत बसवलं. मला म्हणाल्या, अहो, बुडवलं होतं की कुणी बिचाऱ्याला! ही रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाली, घरी जरा जास्त काळजी घेतली गेली. नाव घेतलं नाही माझं.
वजन विचारलं. कुणालाच माहीत नाही. कुणी केलेलंच नाही.
डोळ्यांत औषध घालून बाकावर बसवलं होतं. काही दिसत नव्हतं. काउंटरकडून कुणीतरी मोकळं हसलं. आवाज ओळखीचा वाटला, पण कुणाचा ते चटकन लक्षात येईना.
जवळचा नंबर वाढला आहे.

रविवार, १९ मे. संध्याकाळी ७.
सकाळी ही मुलीला फोनवर सांगत होती, नवीन पान आलंय, नखाएवढं. पाया माझाच, हे दोघींपैकी कुणीही बोललं नाही. फोन झाल्यावर मी होऊन म्हणालो, आता आण घरी. या वेळी नुसतं स्टँड करतो, फिरतं, सूर्याप्रमाणे वळणारं.
हिने कप खाली ठेवला. बसा म्हणाली. बसलो. म्हणाली, अहो, भांडण नाही, दमलेय मी, म्हणून सरळ विचारते. दर महिन्याला माझ्या पगारातून तुम्हाला पैसे देते. वर्षभर या घरात तुम्ही काहीही बनवायचं नाही. दुरुस्तसुद्धा करायचं नाही. कबूल असेल तर झाड उद्या घरी आणते. नाहीतर ते तिथेच बरं आहे.
गंमत करतेस का, विचारलं. नाही म्हणाली.
दिवसभर विचार केला. दुकानातून गेल्या महिन्यात एवढे सुटले नव्हते. तरी माणसाच्या हाताला किंमत आहे की नाही? आत्ता जेवायच्या आधी तिला नाही म्हणून सांगितलं. बरं, म्हणाली, आणि पानं वाढायला घेतली.
महिना तीन हजार देत होती.