पंखातली दोन भोकं

शनिवार, ७ जून, डब्लिन

आज माझ्या विमानाचा पंख ट्रेलरवर घालून एअरपार्कला नेला. माझी मुलगी इरा सोबत होती. तिथे प्रत्येक घराला विमान ठेवायचं हँगर आहे आणि घरी विमान बांधणारी आम्ही मंडळी महिन्यातून एकदा जमतो. सगळे पंखाचं कौतुक करत होते. मग वॉल्टरनी, ज्यांनी स्वतः तीन विमानं बांधलीत, टॉर्च आणि छोटा आरसा आत घातला. एकाच जागी त्यांनी आरसा पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला.

"आतल्या मुख्य दांड्याला दोन भोकं काठाच्या फार जवळ पडलीत, तिथून तो मोडू शकतो," ते म्हणाले. "हा पंख हवेत नेऊ नकोस. नवीन बांध."

बाकीचे हळूच कॉफीकडे वळले.

चार वर्षं गेली या पंखात. पुन्हा चार वर्षं काढायचं बळ माझ्यात नाही. पण छळतंय ते वेगळंच. ती भोकं मला माहीत होती. ड्रिल सरकलं त्याच दिवशी दिसली होती. चालेल, म्हणालो आणि वरून पत्रा बसवला. का? कंटाळलो होतो, एवढंच. आणि ती दोन भोकं झाकून पुढच्या उन्हाळ्यात मी इराला शेजारी बसवून उडणार होतो. माझ्या पोरीला.

परतताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इट्स ओके, बाबा. यू डिडन्ट नो."

मी रस्त्यावरची नजर हलवली नाही. "हो ना," म्हणालो.